पैसे मोजले त्यालाच कुलूप

विषय काढला अण्णांनी. अण्णांचा बेळगावच्या शहापुरात छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि वर्षाकाठी दोन-चार मराठी पुस्तकं. पुढच्या पुस्तकाची ई-आवृत्ती काढायची ठरलीय, तिला कोणतं कुलूप, म्हणजे कॉपी रोखणारी सॉफ्टवेअरची तपासणी, लावावं एवढंच त्यांना विचारायचं होतं. गोवावेसच्या कट्ट्यावर तेव्हा कॉम्प्युटर रिपेरीवाला बंडू, उद्यमबागेत व्हीएमसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनचे, प्रोग्राम लिहिणारा सीएनसीवाला, वकीलसाहेब आणि वाचनालय सांभाळणाऱ्या ताई होत्या. बंडू म्हणाला, "लावूच नका." त्यानंतर चहा दोनदा सांगावा लागला. बोलण्यातलं कामाचं तेवढं इथं उतरवलं आहे, कारण पैसे भरून सॉफ्टवेअर, पुस्तक किंवा सिनेमा घेणाऱ्याला यातलं काहीतरी आज ना उद्या सोसावं लागतंच.

अण्णांची बाजू आधी, कारण ती खोटी नाही. "पाचशे प्रती छापायच्या. त्या खपायला दोन-तीन वर्षं जातात. कागद, छपाई, बाइंडिंग, सगळा पैसा आधी घालायचा. आणि पीडीएफ एकदा व्हॉट्सॲपवर गेली की पुढचं गिऱ्हाईक कशाला येतंय? दुकानाला शटर नको काय?"

"शटर दुकानाला वो, अण्णा," बंडू म्हणाला. "विकून झालेल्या पातेल्याला कुलूप घालून किल्ली दुकानदार स्वतःकडं ठेवतोय काय? हे तसलं कुलूप आहे. आणि ज्यानं पातेलं पळवलं त्याच्याकडं ते बिनकुलपाचंच जातंय."

मग त्यानं अण्णांच्याच धंद्यातला दाखला काढला. बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही जुन्या डीटीपी सेंटरात गेलं की कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारं एक पीसी असतं आणि त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. त्याच्या पाठीमागं मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक असतं. बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा ठोकळा, पंचवीस पिनांचा, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसवलेला. सॉफ्टवेअर उघडताना आणि मधूनमधून त्या पोर्टाच्या पत्त्यावर, म्हणजे बहुतेक वेळा ३७८ वर, सिग्नल पाठवतं. ठोकळ्याकडून बरोबर उत्तर आलं तर काम पुढं चालतं, नाहीतर तिथंच थांबतं.

"आता ते पीसी मेलं," बंडू सांगत होता. "नवीन मदरबोर्डला ते पोर्टच नाही. लोक काय करतात, यूएसबीची पॅरलल केबल आणतात. तिच्यावर प्रिंटर चालतोय, लॉक चालत नाही. का, तर ती केबल विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते, ३७८ चा पत्ता तिच्याकडं नसतोच. मग कुणी सांगतो पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड घाल. त्यात पोर्ट खरं मिळतंय, पण पत्ता भलताच येतो, आणि जुनं सॉफ्टवेअर ३७८, २७८ आणि ३बीसी ह्या तीनच ठिकाणी शोधतं. एक वाट राहते. काही मदरबोर्डवर एलपीटीचं, म्हणजे त्याच जुन्या पोर्टाचं, २६ पिनांचं हेडर असतंय, मॅन्युअलात बघायचं. त्याला ब्रॅकेट लावलं की पत्ता खरा ३७८ मिळतो, बायोसात, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगात, बघून घ्यायचा."

तेवढ्यानंही भागत नाही. लॉकचा ड्रायव्हर त्या काळचा, ३२ बिटचा आणि डिजिटल सही नसलेला. ६४ बिटचं विंडोज तो घेत नाही. सेटअप १६ बिटचा असेल तर तो सुरूच होत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही, आणि विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे ज्यानं रीतसर बिल घेऊन पॅकेज विकत घेतलं, त्याची वर्षानुवर्षांची पुस्तकं आणि पत्रिका दुरुस्त करायच्या तर त्याला जुनं, असुरक्षित पीसी जपत बसायचं. आणि ज्यानं क्रॅक केलेली कॉपी टाकली, त्याला ना पोर्ट लागतं, ना ठोकळा, ना ड्रायव्हर. तोच प्रोग्राम, तेच फॉन्ट, फक्त तपासणी काढून टाकलेली.

अण्णा ह्यावर काही बोलले नाहीत. पण लॉकचं पीसी असणाऱ्यांनी काय करावं हे विचारल्यावर बंडूनं जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. आज मशीन चालू आहे तोवर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरांत, काढून ठेवायचा. डिस्कची इमेज घेऊन ठेवली तर डिस्क वाचते, पण लॉक मेलं तर त्या इमेजचा उपयोग नाही. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की तो तसाच पुढं द्यायचा नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप झालेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळं दोन्ही एकाच शब्दात आले की कन्व्हर्टर घसरतो. तपासायला 'किर्लोस्कर', 'विद्यार्थी', 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' हे शब्द शोधायचे. हे चार बरोबर आले तर बाकीचं बहुतेक बरोबर असतं.

सीएनसीवाला इतका वेळ गप्प होता. त्याला डोंगलवर, म्हणजे असल्या लॉकच्या ठोकळ्यावर, राग नाही. "तू एकाच बाजूनं बोलूलालास बे. यूएसबीचं डोंगल बरं असतंय. एका सीटचे, म्हणजे एका वेळी एकानं वापरायचे, पैसे भरले, डोंगल ह्या पीसीतून काढलं, त्या पीसीला लावलं, चालतंय की. खरी कटकट ऑनलाइन ॲक्टिव्हेशनची."

त्याचं म्हणणं असं. ॲक्टिव्हेशन करताना सॉफ्टवेअर मशीनची ओळख टिपून ठेवतं. कधी नेटवर्क कार्डाचा मॅक नंबर, कधी सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम सीरियल, कधी मदरबोर्डचा नंबर, कधी तिन्ही मिळून. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की व्हॉल्यूम सीरियल बदलतो. लायसन यूएसबीच्या वायफाय अडॅप्टरच्या मॅक नंबरवर बांधलं गेलं असेल तर तो अडॅप्टर काढला त्या दिवशी सॉफ्टवेअर बंद. विजेच्या झटक्यानं मदरबोर्ड गेला तर कंपनीच्या लेखी ते दुसरंच मशीन. म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी लायसन 'डिॲक्टिव्हेट' किंवा 'सरेंडर' करायचं असतं. पण मशीन अचानक मेलं तर सरेंडर कशावर करणार? मग बिलाची प्रत, सीरियल नंबर, कंपनीला मेल, आणि उत्तर येईपर्यंत व्हीएमसी रिकामं. मध्ये शनिवार-रविवार आला तर जॉब सोमवारपर्यंत तसाच.

"आणि डोंगल हरवलं तर?" बंडूनं विचारलं.

इथं सीएनसीवाल्यालाही मान्य करावं लागलं. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की मोडकं डोंगल परत केलं तर बदलून मिळेल, पण हरवलं तर लायसनच हरवलं असं धरून पुन्हा पूर्ण किंमत. दोन इंचांची वस्तू, किंमत लाखांत, आणि ती सीपीयूच्या पुढच्या पोर्टातून बाहेर आलेली, जाता-येता गुडघा लागेल अशी. त्याचा सल्ला: डोंगल पाठीमागच्या पोर्टात लावा, हबवर नको, सीपीयूला बांधून टाका, आणि कारखान्याचा विमा काढताना डोंगल वेगळं दाखवून त्याची किंमत सॉफ्टवेअरच्या किमतीएवढी लिहा. नुसतं 'कॉम्प्युटर व सुटे भाग' असं लिहिलं तर पेनड्राइव्हची किंमत मिळेल.

"की नॉट फाउंड" म्हणून एच०००७ नंबरचा एरर आला की लोक घाबरून आधी फॉरमॅट मारतात, तेही चूक. हा एरर सेंटिनेल ह्या बनावटीच्या डोंगलचा. आधी डोंगलचा दिवा बघायचा. दिवा लागत नसेल तर दुसरं पोर्ट. दिवा लागतोय पण एरर जात नाही, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढं पोर्ट नंबर १९४७ टाकून त्याचं कंट्रोल सेंटर उघडायचं आणि यादीत आपलं डोंगल दिसतं का बघायचं. पान उघडलंच नाही तर लायसन सर्व्हिस बंद पडलीय. सर्व्हिसेसमधून सुरू करायची, नाहीतर रनटाइम, म्हणजे डोंगलचं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकायचं. डोंगल सर्व्हरला आणि तुम्ही दुसऱ्या पीसीवर असाल तर फायरवॉलमध्ये १९४७ उघडा असावा लागतो. अँटिव्हायरस अपडेट झाला की तो कधीकधी बंद होतो.

ह्या सगळ्यात कारखान्याचं एक पैशाचं उत्पादन होत नाही. पैसे भरणाऱ्यानं वेळ खर्चून स्वतःचा खरेपणा पुन्हा पुन्हा सिद्ध करायचा, एवढंच.

अण्णा म्हणाले, "हे मशीनचं झालं. माझं पुस्तक आहे. पुस्तकाला कुठलं पोर्ट लागतंय?"

ह्याचं उत्तर ताईंनी दिलं. ॲडोबीचं कुलूप लावलेलं ई-पुस्तक विकत घेतलं की हातात पुस्तक येत नाही, एसीएसएम नावाची काही केबींची फाइल येते. ती नुसती पावती असते. ती उघडायला ॲडोबी डिजिटल एडिशन्स हा प्रोग्राम टाकायचा, ॲडोबीचं खातं काढायचं, मशीन त्या खात्याला जोडायचं, मग तो प्रोग्राम खरं पुस्तक उतरवून घेतो. एका खात्याला सहा यंत्रांपर्यंत मुभा. जुनं यंत्र काढून टाकायचं राहिलं तर तेही सहात धरलेलं असतं. लिनक्ससाठी तो प्रोग्राम नाहीच. "वाचक फोन करतात तो पुस्तक आवडलं म्हणून नाही," ताई म्हणाल्या, "दोन केबीची फाइल आली, पुस्तक कुठाय म्हणून करतात. साठी ओलांडलेल्या वाचकाला हे फोनवर कसं समजावणार तुम्ही?"

पुढचं त्यांनी एकापाठोपाठ मांडलं. २००९ साली ॲमेझॉननं किंडल ह्या आपल्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावर विकलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरं होतं, पैसेही परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण दुकानदार घरात शिरून पुस्तक नेऊ शकतो हे त्या दिवशी जगाला कळलं. २०१९ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली सगळी पुस्तकं उघडायची थांबली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पानांवर टिपणं काढली होती त्यांना वर पंचवीस डॉलर मिळाले, टिपणं गेलीच. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं यंत्रात घालायची सोय ॲमेझॉननं काढून टाकली.

आणि त्यांचा सगळ्यात तिखट मुद्दा अंध वाचकांचा. कुलूपबंद फाइलमधला मजकूर बाहेरच्या प्रोग्रामला वाचता येऊ नये हाच कुलपाचा हेतू. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हा बाहेरचाच प्रोग्राम. ज्या ॲपनं स्क्रीन रीडरची वेगळी सोय केली नाही, तिथं अंध वाचकानं पूर्ण किंमत मोजली तरी त्याला कोरं पान. २००९ सालीच किंडलला पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आली, अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली, आणि ती सोय पुस्तकागणिक बंद करायचा अधिकार प्रकाशकाला मिळाला. "अण्णा, हा अधिकार तुम्हाला हवाय का?" असं त्यांनी थेट विचारलं. अण्णांनी मान हलवून नको म्हटलं.

"पण चोरी थांबते की त्यानं," अण्णा चिकाटीनं म्हणाले.

"थांबत नाही," बंडू म्हणाला. "टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात त्यातली कुठलीही उघडा. पानाच्या कडेला अंगठा दिसतोय. मधल्या शिवणीकडं ओळी वाकलेल्या असतात. म्हणजे कुणी कुलूप फोडलंच नाही. छापील प्रत घेतली आणि मोबाइलनं पानं मारली. दोनशे पानांचं पुस्तक, दोन पानं एका फोटोत, शंभर फोटो. ई-आवृत्तीला कितीही भारी कुलूप लावा, तुमची छापील प्रत उघडीच आहे."

माझ्या मते सगळ्या चर्चेतला हा सगळ्यात भक्कम मुद्दा. मराठी पुस्तकाच्या चोरीचा रस्ता ई-आवृत्तीतून जातच नाही, तर ई-आवृत्तीच्या वाचकाला शिक्षा कशाची?

बंडूनं त्याला तांत्रिक जोडही दिली. साध्या गुप्त संदेशात पाठवणारा एक, घेणारा एक आणि चोर तिसरा असतो. इथं घेणारा आणि ज्याच्यापासून लपवायचं तो एकच. पुस्तक त्याला दिसायला हवं म्हणून किल्ली त्याच्याच यंत्रात कुठंतरी द्यावी लागते, मग ती कितीही दडवा. डीव्हीडीचं तेच झालं. सीएसएस नावाचं कुलूप, किल्ली फक्त ४० बिटची, आणि प्रत्येक प्लेअर बनवणाऱ्याला वेगळी किल्ली. झिंग नावाच्या एका सॉफ्टवेअर प्लेअरनं आपली किल्ली नीट दडवली नव्हती, ती सापडली आणि १९९९ साली हे कुलूप काढणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्राम जगभर पसरला. नॉर्वेतल्या ज्या तरुणावर त्यासाठी खटला भरला तो २००३ मध्ये निर्दोष सुटला. कुलूप एकदा एकानं फोडलं की बाकी कुणाला फोडावं लागत नाही; फोडलेली प्रत सगळ्यांना मिळते. पैसे देऊन डिस्क घेणाऱ्यांचा त्रास मात्र चालूच राहिला. डिस्कसाठी जगाचे रीजन, म्हणजे विभाग, पाडलेले: भारत रीजन ५, अमेरिका १. पाहुण्यांनी तिकडून आणलेली अस्सल डिस्क इथल्या प्लेअरवर चालायची नाही, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाच वेळाच बदलता यायचा.

गाण्यांचं तर ह्याहून वाईट. २००५ मध्ये सोनी बीएमजीनं ५२ अल्बमांच्या सीडींवर एक्ससीपी नावाचं कुलूप घातलं. सीडी विंडोजच्या कॉम्प्युटरात घातली की ते गुपचूप आत बसायचं आणि ज्या फाइलचं नाव डॉलर, एसवायएस, डॉलर असं सुरू होतं ती प्रत्येक फाइल लपवायचं. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी तेच नाव वापरून आपल्या फाइली लपवल्या. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबरच्या शेवटी हे उघडकीला आणलं आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. हा रोग कुणाला लागला? दुकानातून सीडी विकत घेणाऱ्याला. इंटरनेटवरून फुकट एमपीथ्री उतरवणाऱ्याच्या कॉम्प्युटरला काही झालं नाही. पुढं २००९ पर्यंत ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांचंही कुलूप निघालं, आणि गाण्यांची विक्री काही बुडाली नाही.

गेमचा विषय सीएनसीवाल्यानं काढला आणि लवकर संपवला. २०१० मध्ये युबिसॉफ्ट ह्या गेम कंपनीनं एकट्यानं खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट सक्तीचं केलं. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणारे बसून राहिले. त्याच कंपनीनं 'द क्रू' ह्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्क विकत घेणाऱ्याच्या हातात नुसती डिस्क राहिली. सेफडिस्कचं कुलूप असलेल्या जुन्या गेम विंडोज १० वर चालत नाहीत, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हरच धोकादायक ठरवून मायक्रोसॉफ्टनं बाहेर ठेवला. सीएनसीवाल्याचं एक म्हणणं मात्र बंडूनंही खोडलं नाही. नवीन गेमची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि तेवढ्या मुदतीत कुलूप टिकलं तर कंपनीला फायदा होतो. "मग मुदत संपल्यावर काढा की," असं बंडूचं उत्तर. काही कंपन्या खरंच काढतात.

सिनेमाच्या बाबतीत मंडळी थोडी नरमली. महिन्याचे पैसे भरून बघायचं ते भाड्याचं आहे, तिथं कुलूप असणार, हे ताईंनीही मानलं. पण भाडेकरूला निदान घर तरी नीट दिसावं. गूगलच्या वाइडवाइन कुलपाच्या पायऱ्या असतात. एल१ म्हणजे किल्ली फोनच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात, एल३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ असला तर नेटफ्लिक्ससारखी ॲपं एचडी देत नाहीत, भले तुम्ही वरच्या प्लॅनचे पैसे भरा. वनप्लस ५ आणि ५टी हे फोन एल३ घेऊनच बाजारात आले होते, आणि एल१ हवा तर फोन कंपनीकडं पाठवावा लागला. पोको एफ१ चंही तेच, त्याला २०१९ मध्ये अपडेटनं एल१ मिळाला. फोन घेतल्याबरोबर नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' उघडून बघावं. तिथं एल३ दिसलं तर फोन परत करायची मुदत असेपर्यंतच दुकानात जावं. बूटलोडर अनलॉक केलेल्या, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता यावं म्हणून उघडलेल्या, फोनचा एल१ बहुधा जातो, हेही ध्यानात ठेवावं.

जांबोटी-कणकुंबीकडं जाणाऱ्यांना दुसरी गोष्ट भेटते. बेळगावात वायफायवर सिनेमा डाउनलोड केला, चोर्ला घाटाच्या अलीकडं रेंज गेली, आणि ॲप म्हणतं मुदत संपली, ऑनलाइन या. डाउनलोडबरोबर लायसनची मुदत येते; काहींची सात दिवस, काहींची बघायला सुरुवात केल्यापासून ४८ तास. म्हणून दहा मिनिटं बघून बाजूला ठेवायचं नाही. घड्याळ तिथूनच चालू होतं. निघायच्या दिवशी सकाळी ॲप एकदा ऑनलाइन उघडून डाउनलोडच्या यादीत मुदत बघून घ्यावी.

शाळेच्या किंवा मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर काळा पडतो त्याचं कारणही हेच. एचडीएमआयच्या तारेवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. पाठवणारा आणि दाखवणारा दोघांनी एकमेकांना ओळखलं तरच चित्र. जुना व्हीजीए प्रोजेक्टर आणि मध्ये कन्व्हर्टर असला तर ओळख पटत नाही. आवाज येतो, चित्र काळं, किंवा दोन्ही नाही. स्लाइड दिसतात म्हणजे तार बरोबर आहे. फोर-केला एचडीसीपी २.२ लागतं आणि जुन्या फोर-के टीव्हीत बऱ्याचदा एकाच पोर्टाला ते असतं, म्हणून आधी पोर्ट बदलून बघायचं. मग टीव्ही आधी आणि बॉक्स नंतर अशा क्रमानं चालू करायचं, आणि मधला स्प्लिटर काढून थेट तार लावायची. कन्व्हर्टर व्हीजीएचा असेल तर ह्यातलं काही चालत नाही. एचडीएमआयचा प्रोजेक्टरच आणावा लागतो.

आता कायदा. वकीलसाहेब म्हणाले, "अमेरिकेचं वाचून इथं घाबरू नका." तिथं १९९८ च्या कायद्यानं कुलूप फोडणं हाच गुन्हा, सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्यायच्या. आपल्याकडं २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूनं कुलूप फोडलं तरच. कायद्यानं उघडपणे मनाई न केलेल्या कामासाठी फोडलं तर ते कलम आड येत नाही. कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापराची मुभा आहे, पण ती कॉम्प्युटर प्रोग्रामला लागू नाही. प्रोग्रामसाठी रीतसर धारकाला बॅकअप कॉपीची वेगळी मुभा त्याच कलमात आहे. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याचीही तरतूद तिथंच आहे. "आणि बंडू, तू दुसऱ्याला मदत करतोस तर तुझ्यावर एक जास्तीची जबाबदारी. कुणासाठी केलंस त्याचं नाव, पत्ता, ओळख आणि कशासाठी केलंस ते, ह्याची पूर्ण नोंद ठेवायची असं कलमातच लिहिलंय. वही घाल. त्याचं मूळ बिल बघून बिलाचा नंबर पण लिही. आणि कंपनीच्या करारात वेगळी बंधनं असतात, ती आधी वाच."

सॉफ्टवेअर विकणारा पुण्याचा असो नाहीतर बेंगळुरूचा, फसवणूक झाली तर तिकडं खेपा घालायची गरज नाही, हेही त्यांनी सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ वर राष्ट्रीय हेल्पलाइनला तक्रार नोंदवायची. बऱ्याच कंपन्या तिथंच हलतात. खरेदीच्या वेळचं पान, त्यावर 'विकत घ्या' असं बटण असलेला स्क्रीनशॉट, बिल आणि कंपनीची मेलं जपून ठेवायची. विकत म्हणून पैसे घेतले आणि नंतर काढून घेतलं, हे दाखवायला तोच कागद लागतो.

शेवटी पुन्हा अण्णांचं पुस्तक. ताईंनी दाखला दिला टॉर ह्या इंग्रजी प्रकाशनाचा: २०१२ मध्ये त्यांनी ई-पुस्तकांची कुलपं काढली, आणि वर्षभरानं चोरीत ठळक वाढ दिसली नाही असं जाहीर सांगितलं. कुलूप लावायचंच असेल तर रीडियम एलसीपी नावाचं कुलूप त्यातल्या त्यात बरं, असंही त्या म्हणाल्या; एक पासवर्ड, नंतर इंटरनेट लागत नाही. पण किंडलवर ते उघडत नाही. पीडीएफला 'कॉपी-प्रिंट बंद' लावणं मात्र अगदी निरुपयोगी, कारण ती वाचणाऱ्या प्रोग्रामला केलेली विनंती असते, कितीतरी प्रोग्राम ती मानत नाहीत, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची मात्र अडचण होऊ शकते.

ठरलं ते असं. ई-पुस्तकांची नेहमीची साधी ईपब फाइल, मजकूर खरा युनिकोड, पानांचे फोटो नव्हेत. पहिल्या पानावर आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घेणाऱ्याचं नाव आणि बिल नंबर. फोन नंबर किंवा मेल घालायचा नाही. फाइल बाहेर गेली तर त्या माणसाला ताप. काढणारा कॅलिबर ह्या ई-पुस्तकांच्या प्रोग्राममध्ये नाव काढूही शकतो, पण आपलं नाव लिहिलेली फाइल ग्रुपवर टाकताना माणूस थांबतो. ही फाइल ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' ह्या सोयीनं किंडलवरही जाते. थोरियम, गूगल प्ले बुक्स आणि ॲपल बुक्स, वाचायच्या ह्या तिन्ही प्रोग्रामांवर उघडून जोडाक्षरं तपासूनच विक्रीला लावायची.

अण्णांची एक अट राहिली: छापील आवृत्ती निघाल्यावर सहा महिने ई-आवृत्ती नाही. बंडू म्हणाला, त्याच सहा महिन्यांत अंगठावाली पीडीएफ फिरते, कारण ज्याला मोबाइलवर वाचायचंय त्याला विकत घ्यायला दुसरं काही नसतं. ताई म्हणाल्या, अंध वाचकानं सहा महिने का थांबायचं? अण्णांनी अंध वाचकांना पहिल्या दिवसापासून फाइल द्यायचं कबूल केलं, बाकीच्यांसाठी तीन महिन्यांवर आले. त्याच्या खाली यायला ते तयार नाहीत.